ग्राहकाचं गुंतणं: सेवा आणि पर्यटनातल्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवते. सुट्टी लागली की मालवणजवळ मामाकडे जाते. मामा-मामी घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यामुळे एकच विषय माझ्याकडे दोन दारांनी येतो. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, एंगेजमेंट मोजायचं कसं?" आणि मामाचे शेजारी विचारतात, "माणसं खूश होऊन जातात, मग परत का येत नाहीत?" दोघांनाही अनेकदा दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

'कस्टमर एंगेजमेंट' म्हणजे नेमकं काय?

पैसे देऊन सेवा घेतली की व्यवहार पुरा होतो. त्यापलीकडे ग्राहक त्या सेवेसाठी आपलं मन, वेळ आणि शब्द खर्च करतो, त्याला कस्टमर एंगेजमेंट म्हणतात. पाहुण्याने खोलीचं भाडं दिलं, हा व्यवहार. घरी गेल्यावर त्याने मित्राला फोन करून "मामींच्या हातचे घावणे खाल्ल्याशिवाय निघू नकोस" असं सांगितलं, किंवा "बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर आहे, रात्री लहान मुलं घाबरतात" हे आठवणीने कळवलं, तर तो गुंतला.

अभ्यासकांत इथे दोन मतं आहेत. जेनी व्हान डूर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वागण्यावर भर दिला: खरेदीपलीकडे ग्राहक जे करतो ते, म्हणजे शिफारस, मदत, सूचना, तक्रार. रॉडरिक ब्रॉडी, लिंडा हॉलेबेक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मनाच्या अवस्थेवर भर दिला. त्यांच्या मते ही अवस्था सेवा देणारा आणि घेणारा यांच्या देवाणघेवाणीतून तयार होते, तिला विचार, भावना आणि कृती अशा तिन्ही बाजू असतात, आणि प्रसंग बदलला की तिची तीव्रताही बदलते. हे दोन्ही लेख 'जर्नल ऑफ सर्व्हिस रिसर्च'मध्ये आले. मला दुसरी मांडणी जास्त पटते, कारण गप्प राहणारा पाहुणाही मनाने गुंतलेला असू शकतो. पण पहिली मांडणी मोजायला सोपी आहे, हे मान्य करायला हवं.

मराठीत याला काय म्हणावं?

'एंगेजमेंट' म्हटलं की घरात सगळ्यांना साखरपुडा आठवतो. 'गुंतवणूक' म्हणावं तर ती पैशांची. 'ग्राहक-सहभाग' हा शब्द अहवालांत चालतो, पण त्यात भावना येत नाही; सभेला नुसतं हजर राहणाराही सहभागीच. मी 'गुंतणं' वापरते. जीव गुंततो, मन गुंततं, माणूस कामात गुंततो, आणि संशोधकांना हव्या असलेल्या तिन्ही बाजू या एका क्रियापदात मावतात. प्रबंधात मात्र पहिल्यांदा 'कस्टमर एंगेजमेंट' लिहून मग आपला शब्द द्यावा. परीक्षकाला शोधाशोध करायला लावू नये.

समाधान, निष्ठा आणि गुंतणं यांत फरक काय?

समाधान मागच्या अनुभवाचं असतं: अपेक्षा होती तेवढं मिळालं. निष्ठा पुढच्या वागण्यात दिसते: पुन्हा याच ठिकाणी येईन. गुंतणं या दोन्हींच्या मध्ये आणि आजूबाजूला असतं. पूर्ण समाधानी पाहुणा चार दिवसांत तुमचं नाव विसरू शकतो. उलट तासभर बसून तक्रार लिहिणारा मनाने तुमच्याशी जोडलेला असतो, नाहीतर त्याने एवढा वेळ घातलाच नसता. मामाच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. "माणसं खूश होऊन जातात" हे खरंच. पण खूश होणं आणि गुंतणं एक नव्हे.

आणखी एक गल्लत होते. दर महिन्याला त्याच बसने जाणारा प्रवासी गुंतलेला असेलच असं नाही. दुसरी बस नसेल.

हा विचार आला कुठून?

कामाच्या जागेवरून. विल्यम कान यांनी १९९० मध्ये उन्हाळी शिबिरातल्या आणि वास्तुरचनेच्या एका कार्यालयातल्या माणसांचा अभ्यास केला आणि माणूस कामात स्वतःला कधी ओततो, कधी आखडून घेतो, हे मांडलं. २००२ मध्ये विल्मार शॉफेली आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं: जोम, समर्पण, तल्लीनता. मग २००४ मध्ये स्टीफन व्हार्गो आणि रॉबर्ट लश यांनी मार्केटिंगची बैठकच बदलली. मूल्य कारखान्यात तयार होऊन ग्राहकाला पोचवलं जात नाही, ते ग्राहकाच्या सोबतीने, वापरात तयार होतं, असं त्यांनी म्हटलं. ग्राहकच मूल्य घडवत असेल, तर त्याच्या मनाची स्थिती अभ्यासायलाच हवी. २०१० नंतर या विषयावर लेखांचा जो ओघ सुरू झाला, तो इथून.

पर्यटनात या गोष्टीला एवढं महत्त्व का?

कारण प्रवासाला निघण्याआधी हातात घेऊन बघता येईल असं काहीच नसतं. साडी दुकानात उलगडून बघता येते. तारकर्लीतली दोन दिवसांची सुट्टी तशी बघता येत नाही. म्हणून माणूस आधी जाऊन आलेल्यांच्या शब्दावर विसंबतो, आणि गुंतलेला पाहुणाच तो शब्द देतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. पर्यटनात पाहुणा स्वतःच सेवेचा एक भाग असतो. एकाच ओसरीवर बसलेली दोन कुटुंबं एकमेकांशी बोलायला लागली, की त्या संध्याकाळचं स्वरूप बदलतं. मामी तेच जेवण वाढते, तीच सोलकढी असते, पण एका रात्री लोक अकरापर्यंत ओसरीवर बसतात आणि दुसऱ्या रात्री जेवून थेट खोलीत जातात. हा फरक यजमान एकटा घडवू शकत नाही.

पर्यटनातलं गुंतणं मोजायची प्रमाणित प्रश्नावली आहे का?

आहे. केव्हिन सो, सेरिड्विन किंग आणि बेव्हर्ली स्पार्क्स यांनी २०१४ मध्ये पर्यटन ब्रँडसाठी २५ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत, हे पाहुण्याने सांगायचं. तिचे पाच पदर आहेत: आपलेपणाची ओळख, उत्साह, लक्ष, तल्लीनता आणि संवाद. २०१६ मध्ये यिंग वांग यांच्यासह त्यांनी निष्ठेशी तिचा संबंध तपासला.

२५ विधानं प्रवासातल्या माणसाकडून भरून घेणं किती अवघड असतं, हे बसस्टँडवर उभं राहिलेल्यालाच कळेल. पॉल हॅरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पर्यटनातल्या समाजमाध्यमांसाठी हीच मोजपट्टी तपासून ११ विधानांची आणि तीन पदरांची आटोपशीर आवृत्ती दिली. त्यात ओळख, तल्लीनता आणि संवाद राहिले. याशिवाय हॉलेबेक, ग्लिन आणि ब्रॉडी यांची २०१४ ची १० विधानांची मोजपट्टी आहे, ती समाजमाध्यमांवरच्या कोणत्याही ब्रँडसाठी चालते. एम.बी.ए.च्या प्रकल्पाला मी ११ विधानांची सुचवते. पीएच.डी.ला मूळ २५ घ्या आणि तुमच्या पाहुण्यांच्या बाबतीत किती टिकतात ते दाखवा.

इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर केलं की झालं ना?

नाही. या प्रश्नाला मी नेहमीच लांब उत्तर देते, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात.

ओळखीच्या पदरात एक विधान आहे. त्याचा आशय असा: या ब्रँडबद्दल बोलताना मी 'ते' न म्हणता 'आम्ही' म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत, आणि दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. पुण्याहून आलेला पाहुणा "आम्ही सुरमई ताजीच देतो" असं कधी म्हणणार नाही, पण तिसऱ्यांदा येतो तेव्हा मित्रांना घेऊन येतो आणि मामीसमोरच त्यांना सांगतो, "आपल्याकडे सुरमई ताजीच मिळते." हे 'आपल्याकडे' मी स्वतः ऐकलं आहे, आणि माझ्या लेखी त्या पदराचं याहून चांगलं मोजमाप नाही. म्हणून माझ्या मराठी आवृत्तीत ते विधान असं आहे: 'या ठिकाणाबद्दल बोलताना माझ्या तोंडून आपसूक "आपलं", "आपल्याकडे" असे शब्द येतात.'

दुसरं विधान टीकेबद्दल आहे. ब्रँडवर कोणी टीका केली तर मला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं, असा त्याचा आशय. 'अपमान' हा मराठीत फार जड शब्द आहे, त्याला भांडणाचा वास आहे. चाचणीच्या वेळी बहुतेकांनी तिथे 'असहमत' केलं. 'मनाला लागतं' लिहिल्यावर तीच माणसं थांबून विचार करायला लागली. तल्लीनतेचं विधान मात्र सहज उतरतं: 'इथे वेळ कसा गेला ते कळत नाही.' हे तर लोक न विचारता सांगतात.

तिसरी अडचण 'ब्रँड' या शब्दाचीच. मी मामीला प्रश्नावली वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "आमचो ब्रँड-बिंड काय नाय गो, ह्यां आमचां घर आसा." पाहुण्यांनाही तसंच वाटतं. मोठ्या हॉटेल साखळीसाठी 'ब्रँड' ठेवा. निवास-न्याहारीसाठी 'हे ठिकाण' किंवा 'हे घर' लिहा.

रीत अशी: एकाने मराठीत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, दोन्ही शेजारी ठेवून फरक बघावा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. पाच-सात पाहुण्यांना समोर बसवा, विधान वाचून दाखवा आणि "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारा. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला घोळ मला असाच सापडला.

पाहुणे सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' करतात. काय करावं?

यजमान जवळ उभा असेल तर ते तसंच करणार. ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं, त्यांच्यादेखत कमी गुण देणं आपल्याकडे जमत नाही. प्रश्नावली निघताना देऊ नका. पाहुणा घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि उत्तरं यजमानाकडे नव्हे तर तुमच्याकडे येतील हे पहिल्याच ओळीत लिहा. काही विधानं उलट अर्थाची घालण्याचा सल्ला पुस्तकांत असतो. माझा अनुभव असा की मराठीत नकारार्थी विधानांवर लोक गोंधळतात, म्हणून मी ती टाळते.

लाइक आणि फॉलोअर मोजले तर चालेल का?

नाही. ते पोहोच दाखवतात. अंगठा उमटवायला मन लागत नाही. कमेंटमध्ये एखाद्याने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं असेल, उदाहरणार्थ "किल्ल्याची होडी जेट्टीवरून मिळते, पण पावसाळ्यात बंद असते", तर तेवढं मोजा.

रिव्ह्यूंनी धंद्यात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि यावर चांगला पुरावा आहे. मायकल लुका यांनी सिएटलमधल्या उपाहारगृहांचे येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरचे तारे आणि सरकारकडच्या महसुलाच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. यात आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, साखळीतल्यांवर नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही, त्या छोट्या खानावळीला पाहुण्याचा शब्द जास्त उपयोगी पडतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या ख्रिस अँडरसन यांनी २०१२ मध्ये हॉटेलांबद्दल दाखवलं की ५ पैकी १ गुण वाढला तर ग्राहक न गमावता दर ११.२ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. हे आकडे अमेरिकी बाजारातले आहेत. कोकणातल्या खोलीचा दर त्यावरून ठरवू नये. दिशा मात्र तीच आहे.

रिव्ह्यूला उत्तर द्यावं का? वाईट रिव्ह्यूलाही?

दोन्हींना द्यावं. डेव्हिडे प्रोसर्पिओ आणि जॉर्जिओस झर्वास यांनी टेक्सासमधल्या हॉटेलांवर एक सुंदर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये आला. तीच हॉटेलं ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर उत्तरं देतात, एक्सपीडिया या बुकिंगच्या संकेतस्थळावर क्वचितच देतात. म्हणजे तुलना आयती मिळाली. उत्तरं द्यायला लागल्यावर हॉटेलांचं सरासरी मानांकन ०.१२ ताऱ्यांनी वाढलं आणि रिव्ह्यूंची संख्या १२ टक्क्यांनी. नकारात्मक रिव्ह्यू कमी झाले, पण जे आले ते जास्त सविस्तर होते. कारण उघड आहे. मालक वाचतो हे कळल्यावर उगाच चिडून लिहिणारा मागे सरतो आणि ज्याला खरंच काही सांगायचं आहे तो नीट बसून लिहितो.

मामाने सुरुवातीला सगळ्यांना "धन्यवाद, पुन्हा या" एवढंच लिहिलं होतं. मग एकीने लिहिलं की मोदक छान होते, पण सकाळी सहाला शेजारच्या पंपाच्या आवाजाने बाळ उठलं. मामाने उत्तर दिलं: "पंप शेजाऱ्यांच्या बागेचा आहे, त्यांच्याशी बोललो, आता ते आठनंतर लावतात. बाळाला घेऊन या, मागची खोली देतो." ती बाई परत आली की नाही, हा मुद्दा वेगळा. पण त्यानंतर लहान मुलं असलेली दोन कुटुंबं फोनवर "मागची खोली" मागत होती.

खोट्या रिव्ह्यूंचं काय?

ही मोठी अडचण आहे. दीना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हालिए यांनी २०१४ मध्ये दोन संकेतस्थळांची तुलना केली: एकावर कोणीही लिहू शकत होतं, दुसऱ्यावर फक्त खोली घेतलेला ग्राहक. मोकळ्या संकेतस्थळावर स्वतंत्र छोट्या मालकांच्या हॉटेलांना चांगले रिव्ह्यू प्रमाणाबाहेर होते, आणि अशा हॉटेलांच्या शेजाऱ्यांना वाईट. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आय.एस. १९००० : २०२२ हे मानक जाहीर झालं, ते ऐच्छिक स्वरूपात. भाच्या-पुतण्यांकडून पाच तारे टाकून घेऊ नका, एवढं मी मामाच्या शेजाऱ्यांना कळकळीने सांगते. गावातल्या एकाने तसं केलं तर वाचणाऱ्याचा सगळ्या गावावरचा विश्वास जातो.

तक्रार चांगली निस्तरली तर पाहुणा आधीपेक्षा जास्त खूश होतो म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. याला 'सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स' म्हणतात. सेल्सो ऑगस्टो दे मातोस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. समाधान वाढलेलं दिसलं. पुन्हा येण्याचा इरादा आणि इतरांना सांगणं यांत तशी वाढ दिसली नाही. माफी मागून मोफत जेवण दिल्याने आजचा राग जातो. गळका नळ मात्र दुरुस्तच करायला हवा.

पाहुणा आयुष्यात एकदाच येणार असेल तर त्याच्यात कशाला गुंतायचं?

व्ही. कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ग्राहकाचं मूल्य चार भागांत मोजलं: त्याची स्वतःची खरेदी, त्याने पाठवलेले नवे ग्राहक, त्याच्या बोलण्याचा इतरांवरचा प्रभाव आणि त्याने दिलेली माहिती. एकदाच येणाऱ्याचा पहिला भाग लहान असतो, बाकी तीन मोठे असू शकतात. बाथरूमच्या बटणाची गोष्ट सांगणारा पाहुणा पुन्हा आला नाही. बटण आत आलं.

गुंतणं नेहमी चांगलंच असतं का?

नाही. रागानेही माणूस गुंततो, आणि तो रागही तितक्याच जोमाने पसरवतो. एखाद्या छोट्या धबधब्यावर जीव जडलेले लोक त्याचे इतके व्हिडिओ टाकतात की पुढच्या पावसाळ्यात गावाला वाट राहत नाही. या संशोधनात गाववाल्यांचा आवाज फार कमी आहे. विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी इथे यावं. भारतात काश्मीरच्या पाहुण्यांवर राऊफ अहमद राथर यांनी बरंच काम केलं आहे. कोकणाला अजून भरपूर जागा आहे.

प्रकल्पात कोणती चूक सर्वांत जास्त दिसते?

गुंतणं आणि निष्ठा हे दोन्ही एकाच माणसाला, एकाच कागदावर, एकाच दिवशी विचारायचं आणि मग "एकामुळे दुसरं वाढतं" असा निष्कर्ष काढायचा. त्या दिवशी माणूस आनंदात असेल तर दोन्हींना चांगलेच गुण देईल. निष्ठा सहा महिन्यांनी बुकिंगच्या नोंदींतून तपासा. ते जमत नसेल तर निदान 'कारण' हा शब्द वापरू नका. 'संबंध आढळला' म्हणा. क्रॉनबॅक अल्फा हा प्रश्नावलीची विश्वासार्हता दाखवणारा आकडा ०.७ च्या वर आला म्हणजे सगळं सिद्ध झालं, असंही नाही. विधानं एकमेकांशी जुळतात, एवढंच त्यातून कळतं.

पाहुण्यांचे फोन नंबर आणि फोटो संशोधनासाठी वापरता येतील का?

विचारून, आणि कशासाठी हे सांगून. बुकिंगसाठी दिलेला नंबर बुकिंगपुरताच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा गाभाही तोच आहे. मुलांचे फोटो मुळीच नकोत.

आमच्या तीन खोल्या आहेत, सांख्यिकी येत नाही. काय करू?

अभिप्राय वही ठेवा, पण तिच्या पहिल्या पानावर 'आपला अभिप्राय' असं छापू नका. तसं छापलं की "राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" एवढंच लिहून येतं. मामाच्या वहीच्या डोक्यावर आता एक प्रश्न आहे: 'तुमच्यानंतर येणाऱ्या पाहुण्याला काय सांगाल?' त्या वहीत कोणी एस.टी. थांब्यापासूनचा नकाशा काढला आहे, त्यात माड मोजून दाखवले आहेत. कोणी लिहिलं आहे, 'संध्याकाळी डास येतात, ओडोमॉस आणा.' एका आजींनी सोलकढीत आमसुलं किती वेळ भिजवायची, यावर मामीशी झालेला वाद पूर्ण पानभर लिहिला, आणि खाली मामीने पेन्सिलने आपलं उत्तर लिहिलं. नवा पाहुणा आला की चहा येईपर्यंत ती वही चाळतो. महिन्यातून एकदा मामा वही घेऊन बसतो आणि ज्या तक्रारी दोनदा आल्या त्यांच्यापुढे खूण करतो. मागच्या दिवाळीत त्याने अशा चार खुणा केल्या होत्या. त्यातल्या तीन खोडल्या आहेत. चौथी अंगणातल्या निसरड्या पायरीची आहे, तिच्यासाठी जांभा दगड आणून ठेवला आहे.